कनातीच्या आत आणि बाहेर : वऱ्हाडातील उघड्यावरचा सिनेमा

मराठी चित्रपटाचा इतिहास म्हणून आपल्याकडे जे लिहिले गेले आहे तो मुख्यतः चित्रपट करणाऱ्यांचा इतिहास आहे. दादर, नाशिक, कोल्हापूर, पुणे ही त्याची ठाणी आणि कंपन्या, स्टुडिओ, दिग्दर्शक हे त्याचे नायक. चित्रपट पाहणाऱ्यांचा इतिहास ह्या लेखनात तळटीपेपुरता येतो. त्यातही खुर्चीवर बसून पाहणाऱ्यांविषयी थोडे सापडते, जमिनीवर सतरंजी टाकून किंवा सतरंजीशिवायच बसणाऱ्यांविषयी जवळजवळ काहीच नाही. ह्या लेखात आम्ही दुसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकाकडे आणि त्याच्यासाठी दर संध्याकाळी नव्याने उभ्या केल्या जाणाऱ्या चित्रपटगृहाकडे पाहणार आहोत. प्रदेश अमरावती-अकोल्याचा, म्हणजे वऱ्हाडाचा आहे.

वऱ्हाड चित्रपटाच्या इतिहासात येते ते एका व्यापारी संज्ञेच्या रूपाने. चित्रपटधंद्याने देशाचे जे वितरण-विभाग पाडले त्यांतील एकाचे नाव 'सी. पी. बेरार'. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत ह्या नावाने १९५० नंतर राहिला नाही. १९५६ साली वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. तरी एखाद्या नव्या हिंदी चित्रपटाने कोठे किती धंदा केला ह्याचे आकडे छापताना धंद्याची मंडळी आजही 'सी. पी. बेरार' असाच रकाना पाडतात. सरकारी दप्तरातून पुसली गेलेली सरहद्द व्यापाऱ्याच्या वहीत टिकून राहावी ही गोष्ट आम्हाला नुसती मौजेची वाटत नाही. वऱ्हाड हे मुंबईच्या दृष्टीने आधी माल देणारे आणि मग माल घेणारे क्षेत्र होते, हे ह्या नावात गोठलेले आहे.

देण्याचा माल अर्थातच कापूस. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला, १८६७ पर्यंत जी.आय.पी. रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली आणि १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळपर्यंत जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' हीसुद्धा किलिक-निक्सन ह्या इंग्रज कंपनीने कापसाच्या गाठी वाहण्यासाठीच घातली. गाठी ज्या रुळांवरून मुंबईकडे गेल्या त्याच रुळांवरून पुढे फिल्मच्या पत्र्याच्या पेट्या वऱ्हाडात आल्या. वितरकांच्या कचेऱ्या भुसावळला आणि अमरावतीला थाटल्या गेल्या त्या काही तिथे रसिक अधिक होते म्हणून नव्हेत, गाडीची आणि पैशाची सोय होती म्हणून. अमरावती शहराने मात्र ह्या व्यवहाराची आपल्या पद्धतीने नोंद ठेवली. राजकमल चौक, चित्रा चौक, श्याम चौक, सरोज चौक, प्रभात चौक ही नावे टॉकीजवरून पडलेली आहेत. पुढाऱ्यांच्या आणि संतांच्या नावांच्या बरोबरीने चित्रपटगृहांच्या नावांनी रस्ता सांगणारे असे दुसरे शहर महाराष्ट्रात चटकन आठवत नाही.

परंतु चौकातले टॉकीज हे पक्क्या बांधणीचे, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचे. त्याच्या बाहेर जो मोठा मुलूख पसरला होता तिथे सिनेमा फिरत गेला. भाषेने हा भेद नीट टिपला आहे. शहरात सिनेमा 'लागतो', खेड्यात तो 'येतो'. आणि दोन्ही ठिकाणी जे होते त्याला 'खेळ' म्हणतात : सर्कशीचा खेळ, बाहुल्यांचा खेळ, सिनेमाचा पहिला खेळ आणि दुसरा खेळ. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने ह्या शब्दापाशी क्षणभर थांबावे. नाटकाला आपण 'प्रयोग' म्हणू लागलो आणि त्याबरोबर एक प्रतिष्ठा आली. सिनेमा मात्र 'खेळ'च राहिला, म्हणजे जत्रेचा राहिला.

हा खेळ हाताने घडवलेला होता, आणि ही घडवण्याची परंपरा आपल्याकडे चित्रपटापेक्षाही जुनी आहे. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' ह्या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्यासमोर एकामागून एक सरकवायची, त्यांना हालचाल द्यायची आणि बरोबर कथा सांगायची असा तो प्रकार होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे खेळ झाले, त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. पुढे फाळक्यांनी दादरच्या राहत्या घरात फिल्म धुतली आणि त्या कामात सरस्वतीबाई फाळक्यांचे हात राबले. १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साहाय्याने कॅमेराच घडवला. ह्या सर्वांना इतिहासाने कारागीर-कलावंत म्हणून मान दिला आणि तो योग्यच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की मोकळ्या रानात रोज संध्याकाळी चित्रपटगृह उभे करून पहाटे ते गुंडाळणारा तंबूवालाही ह्याच कुळातला आहे. त्याने काही 'निर्माण' केले नाही असे मानणे हा निर्मिती ह्या शब्दाचा फार कोता अर्थ झाला.

फिरत्या सिनेमाचा आपल्याकडचा नामवंत आरंभकर्ता म्हणजे अब्दुलअली युसुफअली. त्यांनी १९०१ ते १९०७ ह्या काळात आग्नेय आशियात आणि १९०८ ते १९१४ पर्यंत भारतात तंबू फिरवला. त्यांचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद आणि चार खांबांवर तोललेला असे व त्यात हजारभर माणसे मावत, असे सांगितले जाते. ह्याच गृहस्थांनी पुढे अर्देशीर इराणींच्या भागीदारीत मुंबईत चित्रपटगृहे चालवली. त्यांपैकी 'मॅजेस्टिक'मध्ये १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' झळकला. भारतीय बोलपटाचे पहिले पक्के घर अशा रीतीने तंबूच्या मिळकतीतून उभे राहिले. चित्रपटाच्या इतिहासात तंबू ही प्राथमिक, मागासलेली अवस्था आणि टॉकीज ही प्रगत अवस्था असे जे चित्र रंगवले जाते त्यातला एक दुवा ह्यामुळे उलटा होतो.

आता हे चित्रपटगृह उभे कसे करत ते पाहू. पहिला प्रश्न जागेचा. कापूस वेचून झालेले रान किंवा गावाबाहेरचे खळे सर्वांत चांगले, कारण खळ्याची जमीन चोपून सारवलेली असते आणि तिथे बैलगाड्या आणायला वाट असते. पडदा शक्यतो वाऱ्याला आडवा लावत नाहीत. मांजरपाटाचे पन्हे एकमेकांना शिवून, कडेला काळी पट्टी लावून, भोके पाडून दोर ओवायचे आणि दोन उंच खांबांमध्ये तो ताणायचा. वारा फार असेल तर पडदा शिडासारखा फुगतो, नायकाचे नाक लांबते आणि पुन्हा बसते. ह्याला उपाय खालचे दोर मेखांना थोडे ढिले बांधणे हाच. ज्या प्रांताने मँचेस्टरला कापूस दिला आणि ज्याच्या अकोल्यात सावतराम मिलचा भोंगा वाजत असे, त्या प्रांतात सिनेमाचा पडदा सुती कापडाचाच असावा हे ओघानेच आले.

पडद्यापेक्षाही महत्त्वाची कनात. तिची दोन कामे. एक उघड आहे : फुकट्यांना बाहेर ठेवणे. दुसरे काम चंद्राचे. जत्रा बहुधा तिथीवर भरतात आणि त्यांत पौर्णिमेचे माहात्म्य मोठे. भाविकांना जी रात्र सर्वांत शुभ तीच सिनेमावाल्याला सर्वांत वाईट, कारण चांदणे पडद्यावर उतरले की चित्र पिठाळ होते. म्हणून वर छत आणि बाजूंना जाड कापड. आकाशाखालचा सिनेमा म्हणून आज आपण ज्याचे कौतुक करतो त्याची बरीचशी मेहनत आकाश झाकण्यात गेलेली होती, ही गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे.

यंत्राची बाजू अधिक नाजूक होती. अडीच तासांच्या बोलपटाला पस्तीस मिलिमीटरची सुमारे साडेतेरा हजार फूट फिल्म लागते. ती उलगडून सरळ धरली तर चार किलोमीटर भरेल. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, दोन हजार फुटांचे बावीस. टॉकीजमध्ये दोन प्रोजेक्टर असत, एकावरचे रीळ संपता संपता दुसरा सुरू होई. तंबूत बहुधा एकच. म्हणून प्रत्येक रिळानंतर अंधार, शिट्ट्या, विड्या, शेंगांची टरफले आणि पुन्हा प्रकाश. कथानकाला ह्या प्रेक्षकाने दिलेला आकार त्यामुळे शहरी प्रेक्षकापेक्षा वेगळा होता. तो सिनेमा अखंड प्रवाह म्हणून पाहत नव्हता. कीर्तनात बुवा आख्यान थांबवून गजर करतात आणि मग सूत्र उचलतात, तसा तो पाहत होता. प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा. कांड्या जळत आखूड होतात, म्हणून त्यांतले अंतर हाताने सारखे राखावे लागते, नाहीतर पडदा पिवळा पडून मावळतो. वीज नसलेल्या गावी इंजिन आणि जनरेटर बरोबर न्यावा लागे. त्याची धडधड पडद्यावरच्या गाण्याला सतत ठेका देत असे. जुनी नायट्रेटची फिल्म क्षणात पेट घेणारी. कापडी तंबू, उघडी ठिणगी आणि ती फिल्म ह्यांचा विचार केला की परवान्याच्या जाचक वाटणाऱ्या अटींमागचे शहाणपण कळते.

मूकपटाच्या काळात आणखी एक माणूस लागे : पडद्यावरची अक्षरे वाचून दाखवणारा. मूकपटाच्या पाट्या दोन-तीन भाषांत असत, पण ज्याला एकही लिपी येत नाही त्याला त्या सारख्याच. हा वाचणारा केवळ वाचत नसे, तो अर्थ सांगे. चातुर्मासात ओसरीवर बसून पोथी लावणारा आणि तिचा अर्थ सोडवून सांगणारा जो माणूस वऱ्हाडातल्या प्रत्येक गावाला ठाऊक होता, त्याचीच जागा त्याने घेतली. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला आणि मराठी पडदा स्वतः बोलू लागला, तेव्हा सांगणाऱ्याचे काम संपले. आपल्या मौखिक परंपरेचा ऱ्हास मुद्रणाने झाला असे आपण वर्गात शिकवतो. बोलपटाचाही त्यात वाटा होता, हे अभ्यासक्रमात कोठे येत नाही.

वऱ्हाडात ह्या सगळ्याचे मोठे ठिकाण म्हणजे बहिरमची यात्रा. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, २० डिसेंबरला ही यात्रा सुरू होते आणि महिन्याहून अधिक काळ चालते. रोडगे, हंडीतले मटण, तमाशाचे फड, पाळणे आणि टुरिंग टॉकीजचे तंबू ह्यांनी ती गाजली. हंगाम पाहावा : कापूस निघालेला, तूर उभी, हातात वर्षातून एकदा येणारी रोकड आणि रात्री लांब. सिनेमाचे वर्ष दिवाळीनंतर सुरू होऊन मृगाच्या पावसाला संपत असे. कापूस विकणाऱ्याच्या खिशातील रोकड आणि तंबूवाल्याचा गल्ला ह्यांचे वेळापत्रक एकच होते. ज्या वर्षी बोंड गेले त्या वर्षी तंबूही गेला, हे वेगळे सांगायला नको.

ह्याच बहिरममध्ये गाडगेबाबा खराटा घेऊन येत. शेंडगावला १८७६ साली जन्मलेल्या आणि १९५६ साली अमरावतीजवळच देह ठेवलेल्या ह्या माणसाने यात्रेतल्या पशुहत्येविरुद्ध अनेक वर्षे कीर्तने केली. एकीकडे तमाशाची ढोलकी, एकीकडे तंबूचा भोंगा आणि मध्ये गॅसबत्तीच्या उजेडात प्रश्नोत्तरांनी लोकांना हलवणारे कीर्तन अशी ती जागा होती. लोक तिन्हीकडे जात. संस्कृतीचे पावित्र्य जपणाऱ्या लेखनात कीर्तन आणि सिनेमा असे दोन कप्पे असतात. यात्रेच्या मैदानात ते नव्हते. १९३६ च्या 'संत तुकाराम'ने तर ते कप्पे पडद्यावरही मोडले. आणि गाडगेबाबांवरचा 'देवकीनंदन गोपाला' १९७७ साली राजदत्तांनी केला तेव्हा जत्रेतला कीर्तनकार जत्रेतल्याच पडद्यावर येण्याची वाट मोकळी झाली.

आता त्या प्रश्नाकडे वळतो ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. कनातीच्या आत कोण कोठे बसत होते? अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून जी चळवळ झाली तिच्या संदर्भात १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील परिषद भरली. ती भरली इंद्रभुवन थिएटरात. देवळाच्या दाराविषयी बोलण्यासाठी जी जागा मिळाली ती नाटकाच्या थिएटराची होती. ह्याचा अर्थ थिएटर समतेचे मंदिर होते असा भाबडा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. पण एक भेद स्पष्ट आहे. सभामंडपात, पाटलाच्या वाड्यात, गावच्या विहिरीवर माणसाची जागा जन्माने ठरत होती. तंबूत ती तिकिटाने ठरते : जमीन, बाक, खुर्ची. पैशाची विषमता ही काही लहान विषमता नव्हे, परंतु आठवडाभर मजुरी साठवून जमिनीवरून बाकावर जाता येते. जन्माची पायरी अशी चढता येत नाही.

तरी तिकिटावर जात लिहिलेली नसली तरी ती माणसाच्या अंगवळणी पडलेली असते. पडद्याच्या थेट पुढ्यात कोण बसे, मान वर करून, चेहऱ्याऐवजी नुसते प्रकाशाचे डाग पाहत? खुर्च्या कोणासाठी राखून ठेवल्या जात, आणि गावचा प्रमुख माणूस येईपर्यंत खेळ का थांबे? गावाची वस्ती जशी वेगवेगळ्या आळ्यांत विभागलेली, तशीच ती अंधारात जमिनीवर उमटण्याची शक्यता होती. बायकांसाठी तर उघडपणे दोर बांधलेला असे. अंधाराने काहींना काही काळ नाव-गाव पुसून बसू दिले आणि काहींना आपापल्या जागी ठेवले. हे दोन्ही एकाच तंबूत घडत होते असे आम्हाला वाटते. दलित आत्मकथनांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांतील सिनेमाच्या, जत्रेच्या, नाटकाच्या जागा ह्या दृष्टीने पुन्हा वाचाव्यात. पाणी आणि देऊळ ह्यांच्या जागा आपण वाचल्या, करमणुकीच्या वाचल्या नाहीत.

वऱ्हाडच्या साहित्याचा विचार केला तर एक नाव अटळ आहे. विश्राम बेडेकर १९०६ साली अमरावतीत जन्मले. 'रणांगण'चे (१९३९) लेखक म्हणून आपण त्यांना शिकवतो आणि प्रभातच्या 'शेजारी'चे (१९४१) लेखक म्हणून क्वचित. एकाच माणसाची ही दोन कामे दोन वेगळ्या विभागांत वाटून टाकण्याची आपली सवय जुनी आहे. आम्हाला तर 'रणांगण'मधील प्रसंगांची तोडणी, एका दृश्यावरून दुसऱ्यावर झेप घेणे, हे चित्रपट जवळून जाणणाऱ्या हाताचे काम वाटते. उद्धव शेळक्यांच्या 'धग'ने (१९६०) वऱ्हाडी बोलीला कादंबरीत जे स्थान दिले त्याचे मोल वेगळ्याने सांगायला नको. पण बोली पुस्तकात आली त्या काळात खेड्यातला वऱ्हाडी माणूस तंबूत बसून कोल्हापूर-पुण्याची मराठी आणि मुंबईची हिंदी ऐकत होता, आणि त्यातले संवाद आपल्या हेलात घोळवून दुसऱ्या दिवशी बांधावर म्हणत होता. बोलीचा अभ्यास करताना हा ऐकण्याचा इतिहास वगळून चालणार नाही.

तंबूच्या जोडीने आणखी एक प्रकार चालू होता, आणि घरच्या घरी उभारलेल्या चित्रपटगृहाच्या तो सर्वांत जवळचा. गणेशोत्सवात गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांना पांढरे कापड बांधायचे, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर टेबलावर ठेवायचा, वीज जवळच्या घरातून घ्यायची. तिकीट नाही, कनात नाही. कापड पातळ असल्यामुळे चित्र पलीकडूनही दिसे आणि उशिरा येणारे पलीकडे बसत. त्यांना नावे उलटी वाचावी लागत आणि डावखुरे खलनायक पाहावे लागत. आमच्यापैकी ज्यांनी पहिले चित्रपट पडद्याच्या मागून पाहिले त्यांना त्यात काही उणे वाटल्याचे आठवत नाही. सरकारी प्रसिद्धीच्या गाड्याही अशाच येत आणि कुटुंबनियोजनाच्या माहितीपटांनंतर एखादा जुना चित्रपट दाखवत. माहितीपट संपेपर्यंत थांबणे हेच तिथले तिकीट होते.

१९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ भाड्याचे व्हिडिओ आले आणि १९८७ साली 'रामायण' सुरू झाले. अंगणात टेबलावर टीव्ही मांडून रात्रभर तीन कॅसेट पाहणे हा उघड्यावरच्या सिनेमाचाच शेवटचा अवतार म्हणावा लागेल. त्यानंतर प्रत्येक घर आपल्या दाराआड गेले. पश्चिम महाराष्ट्रातील जत्रांत काही टुरिंग टॉकीज पुढेही तग धरून राहिली. त्यांच्यावर गजेंद्र अहिरे ह्यांचा 'टुरिंग टॉकीज' (२०१३) निघाला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया ह्यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गेला. त्या माहितीपटात प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक वयस्क कारागीर आहे. त्याने स्वतःच्या बुद्धीने एक प्रोजेक्टर घडवलेला आहे. फाळके-पेंटरांच्या कुळाविषयी आम्ही वर जे म्हटले ते त्याला पाहताना पटते.

२०२० च्या मार्चमध्ये टॉकीज बंद झाली आणि राज्यात ती पूर्ववत व्हायला बराच काळ गेला. त्या दोन उन्हाळ्यांत अनेक घरांच्या गच्चीवर चादरी टांगल्या गेल्या. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणे वऱ्हाडाला नवे नाही. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे, ते वाफ होऊन गेले की अंथरुणे घालायची, हा क्रम घराघरात होता. त्यात आता हातात मावणारा प्रोजेक्टर, मोबाईल आणि छोटा स्पीकर एवढीच भर पडली. कार्बनच्या कांड्या नाहीत, इंजिन नाही, परवाना नाही. वारा मात्र तोच आहे, चादर तशीच फुगते, आणि चारी टोकांना विटा बांधून ठेवाव्या लागतात. आणखी एक फरक आहे. तंबूत शेजारी कोण येऊन बसेल हे ठाऊक नसे, गच्चीवर सगळे ओळखीचे असतात. शेजारच्या गच्चीवरून कोणी कठड्याला टेकून पाहत उभा राहिला तर त्याला खाली येऊन जिन्याने वर यायला सांगतात किंवा सांगत नाहीत, हे त्या-त्या घरावर असते.